भाचीला ई-रीडर घ्यायचाय? आधी पुस्तकं मोजा

घरातलं एखादं पोर कॉलेजला गेलं की त्याला एक जादा पद आपोआप मिळतं: कुटुंबाचा टेक्निकल सल्लागार. आजोबांच्या फोनचा आवाज गेला, बाबांचं यूपीआय अडकलं, काकूला नवा टीव्ही घ्यायचाय, सगळे प्रश्न फिरून तुमच्याकडेच येतात. अलीकडे या यादीत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. वाढदिवस, दिवाळी किंवा बोनसचा महिना जवळ आला की ताईचा, वहिनीचा नाहीतर मामेभावाचा मेसेज येतो, ‘पोरीला मोबाइलमधून बाहेर काढायचंय. ई-रीडर घ्यावा म्हणतेय. कोणता घेऊ?’

मग आपण काय करतो? यूट्यूबवर दोन रिव्ह्यू बघतो, शॉपिंग साइटवर स्टार मोजतो आणि एक लिंक टाकून मोकळे होतो. दहा हजारांच्या आगेमागे किंमत असलेली वस्तू घरात येते, आठवडाभर तिचं कौतुक होतं आणि पुढच्या महिन्यात ती टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये जुन्या चार्जरांच्या सोबतीला जाऊन बसते. मोबाइल मात्र पोरीच्या हातात असतो तिथेच असतो. यात दरवेळी यंत्राचा दोष नसतो. ते बरेचदा चुकीच्या टप्प्यावर आलेलं असतं. किंवा टप्पा बरोबर असतो, पण त्यात वाचण्यासारखं काही भरलेलंच नसतं.

म्हणून ‘कोणता घेऊ?’ असं कुणी विचारलं की लिंक शोधण्याआधी उलटे तीन प्रश्न विचारा. ती वाचनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे? तिला वाचायला आवडतील अशी, तिच्या भाषेतली पुस्तकं त्या यंत्रात येतात का? आणि पहिले काही दिवस तिच्या शेजारी कोण बसणार आहे? या तिन्हींची उत्तरं मिळाली की कंपनी आणि मॉडेल निवडणं हे दहा मिनिटांचं काम उरतं.

टॅब वेगळा, ई-रीडर वेगळा

आधी एक घोळ मिटवूया. घरातली मोठी माणसं अनेकदा टॅबला आणि ई-रीडरला एकाच मापात तोलतात. ‘थोडे पैसे घातले तर टॅबच येईल की, त्यात वाचताही येईल!’ हा युक्तिवाद तुम्ही ऐकला असेल. येईल की. पण त्यात कार्टूनही येईल, गेमही येईल, आणि त्या शर्यतीत पुस्तक पहिल्याच वळणावर मागे पडेल.

ई-रीडरचा पडदाच वेगळा असतो. मोबाइलचा किंवा टॅबचा स्क्रीन स्वतः प्रकाश फेकतो. ई-इंकचा पडदा मात्र कागदासारखा, बाहेरून पडलेल्या उजेडात वाचला जातो. त्याच्या आत अतिसूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण, आणि दोघांवर विरुद्ध विद्युतभार. विजेच्या झटक्याने काळे कण वर आले की तिथे काळा ठिपका दिसतो, पांढरे वर आले की कोरा. एकदा कण जागेवर बसले की ते तसेच राहतात. म्हणजे वीज लागते ती मुख्यतः पान उलटताना. म्हणूनच एकदा चार्ज केलेला ई-रीडर आठवडे-आठवडे चालतो, आणि दुपारच्या उन्हात गच्चीवर बसलात तरी अक्षरं तितकीच स्वच्छ दिसतात. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या या कल्पनेवर १९९७ मध्ये कंपनी उभी राहिली, २००४ मध्ये सोनीने जपानमध्ये या पडद्याचा पहिला ई-रीडर आणला आणि नोव्हेंबर २००७ मध्ये आलेला पहिला किंडल ३९९ डॉलर किंमत असूनही साडेपाच तासांत संपला.

या पडद्याचे तोटेही ध्यानात घ्या. तो संथ आहे. पान उलटताना क्षणभर लुकलुकतो. त्यावर व्हिडिओ बघण्यात मजा नाही, आणि बहुतेक मॉडेल कृष्णधवल आहेत. मोठ्या वाचकासाठी हे सगळे तोटे म्हणजे गुणच, कारण लक्ष विचलित करायला तिथे काहीच नसतं. चार वर्षांच्या पोराला मात्र तोच पडदा ‘बिघडलेला मोबाइल’ वाटतो. ते दोनदा बोट फिरवतं, काही हललं नाही की यंत्र बाजूला ठेवतं.

आणि हो, ‘डोळ्यांना काहीच होत नाही’ ही जाहिरात पूर्ण खरी मानू नका. डोळ्यांवर थेट प्रकाश कमी येतो हे बरोबर. पण नाकाला टेकवून तासन्‌तास वाचलं तर कागदाचं पुस्तकही डोळ्यांना शिणवतं. हातभर अंतर, मधूनमधून लांब बघणं आणि संध्याकाळी अंगणात हुंदडणं, या तिघांना पर्याय नाही.

वय नको, टप्पा विचारा

‘किती वर्षांची झाली?’ यापेक्षा ‘आत्ता काय आणि कसं वाचते?’ हा प्रश्न जास्त कामाचा. ढोबळमानाने तीन टप्पे धरता येतील.

पहिला टप्पा ऐकण्याचा आणि चित्रं बघण्याचा. साधारण पाच-सहा वर्षांपर्यंतचा. या वयात मूल पुस्तक वाचत नाही, ते आपल्या मांडीवर बसून पुस्तकाबद्दल गप्पा मारतं. ‘हा कुत्रा कुठे चाललाय?’, ‘आपल्या आजीकडे पण अशीच कढई आहे ना!’ खरं वाचन इथे घडतं. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात दोन ते तीन वर्षांची मुलं आणि त्यांचे पालक अशा ३७ जोड्यांना कागदी पुस्तक, टॅबवरचं साधं पुस्तक आणि आवाज-हालचाली असलेलं टॅबवरचं पुस्तक असं तीन प्रकारे वाचायला दिलं होतं. कागदी पुस्तक हातात असताना पालक आणि मुलं गोष्टीबद्दल अधिक बोलली. टॅब हातात आला की बोलणं बटणांकडे आणि यंत्राकडे वळलं. अभ्यास छोटा आहे आणि तो टॅबवरचा आहे, ई-रीडरवरचा नाही. पण आपल्या घरात जे दिसतं त्याच्याशी तो जुळतो.

इंडियन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स या आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. दोन वर्षांखालच्या मुलांना कोणताच स्क्रीन नको, दोन ते पाच या वयात दिवसाला फार तर एक तास आणि तोही मोठ्यांच्या नजरेखाली. ई-रीडर म्हणजे टीव्ही नव्हे हे मान्य. तरी या टप्प्यासाठी तुमचं उत्तर स्पष्ट असू द्या: आत्ता ई-रीडर नको. त्याच पैशात चित्रपुस्तकं घ्या. एक पुस्तक दीडशे रुपयांचं धरलं तरी दहा हजारांत साठाहून जास्त येतात. चावली, फाटली, त्यावर वरण सांडलं तरी जीव जात नाही.

दुसरा टप्पा अक्षर जोडण्याचा, साधारण सहा ते आठ वर्षांचा. काना-मात्रा येतात, जोडाक्षराला गाडी अडते. ‘स्वच्छ’ आणि ‘उत्साह’ अजून फोडून वाचावे लागतात. इथे ई-रीडरचा एक खरा उपयोग आहे: अक्षर मोठं करता येतं, ओळींमधलं अंतर वाढवता येतं, पानावर एका वेळी चारच ओळी ठेवता येतात. ज्या मुलाला गच्च भरलेलं पान बघूनच धडकी भरते, त्याला याने धीर येतो. पण या वयाची चांगली पुस्तकं अजूनही अर्धी चित्रांत असतात, आणि ती चित्रं करड्या रंगात बघणं म्हणजे पुरणपोळी तुपाशिवाय. त्यामुळे इथे उत्तर ‘थांबा’ असंच. घाई असेल तर घरातल्याच टॅबवर, कुणीतरी शेजारी बसून, दिवसाला एक गोष्ट वाचा. गोष्ट निवडताना मात्र बघा की पडद्यावरची हालचाल गोष्ट पुढे नेते की मधेच फुगे फोडायला लावते. एक ते आठ वर्षांच्या १,८१२ मुलांवर झालेले ३९ अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०२१ च्या एका आढाव्यात हाच फरक दिसला होता. कागदावरची गोष्ट नुसती उचलून स्क्रीनवर टाकली, तर मुलांना ती कागदावर जास्त चांगली समजली. पण स्क्रीनवरच्या जादा करामती गोष्टीचा अर्थ उलगडायला मदत करणाऱ्या असल्या, तर पारडं उलटं फिरलं.

तिसरा टप्पा म्हणजे ज्याच्यासाठी ई-रीडर बनलाय तो. मूल आठ-नऊ वर्षांचं, प्रकरणांची पुस्तकं हातात घेणारं. त्याची एक सोपी परीक्षा आहे. चित्रं नसलेली दहा पानं ती कुणी न सांगता, एका बैठकीत वाचते का? वाचून झाल्यावर ‘पुढे काय?’ असं विचारते का? दोन्हीला ‘हो’ असेल, तर ई-रीडरचा विचार खुशाल करा. अशा मुलाची पुस्तकं आठवड्यात संपतात, कपाट भरतं, गावात वाचनालय नसतं, प्रवासात वजन होतं. दीडशे-दोनशे ग्रॅमच्या यंत्रात शेकडो पुस्तकं मावणं ही तिच्यासाठी खरी सोय आहे.

‘पण आमच्याकडची वाचतच नाही, ती वाचायला लागावी म्हणून तर घ्यायचाय!’ हे उत्तर येणार, तयार राहा. ई-रीडर वाचणाऱ्याला जास्त वाचायला लावतो. न वाचणाऱ्याला वाचक करण्याचं काम गोष्ट करते, आणि गोष्ट सांगणारं माणूस करतं.

मराठीचं कपाट किती भरतं?

आता सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा प्रश्न. भाची कोणत्या भाषेत वाचणार?

आपल्या घरांमध्ये आता एक चित्र सर्रास दिसतं. पोरगी इंग्लिश मीडियमला आहे. मराठी फाडफाड बोलते, पण दुकानाची पाटी वाचताना अडखळते. अशा मुलीच्या हातात ई-रीडर दिला की काय होतं? त्याच्या दुकानात इंग्रजी बालपुस्तकांचे डोंगर असतात आणि मराठी बालपुस्तकं शोधून काढावी लागतात. कुणी मुद्दाम लक्ष घातलं नाही तर ते यंत्र तिला हळूच, कुणाच्या नकळत, एका भाषेकडे ढकलत राहतं. इंग्रजी वाचायला हरकत काहीच नाही. पण मराठी वाचनाचं दार याच वयात उघडं राहिलं नाही, तर पुढे बारावीनंतर ते उघडायला किती जोर लागतो, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे.

म्हणून खरेदीआधीचं एक काम स्वतः करा. मुलीला आवडतील अशा दहा मराठी पुस्तकांची यादी करा आणि ती ज्या यंत्राचा विचार चाललाय त्यावर मिळतात का ते शोधा. दहापैकी सात मिळाली तर उत्तम. दोनच मिळाली तर त्या ताईला तसं सांगा, पैसे वाचतील.

शोधायचं कुठे? किंडलच्या दुकानात मराठीसह पाच भारतीय भाषांची पुस्तकं डिसेंबर २०१६ मध्ये आली. तिथे मोठ्यांच्या मराठी कादंबऱ्या बऱ्या संख्येने दिसतात, लहान मुलांचं दालन त्या मानाने विरळ आहे. बुकगंगावर मराठी ई-पुस्तकांचा साठा मोठा, पण ती त्यांच्या अ‍ॅपमध्ये वाचायची असतात, म्हणजे किंडलवर ती चालतील असं गृहीत धरू नका. अँड्रॉइडवर चालणारे ई-इंक रीडरही बाजारात आहेत, उदाहरणार्थ ऑनिक्स कंपनीचे बूक्स. त्यात असे अ‍ॅप टाकता येतात. पण अ‍ॅप टाकता येतात म्हणजे बाकीचेही टाकता येतात, हे विसरू नका.

फुकट खजिनाही आहे, आणि तो आपल्याला माहीत असायला हवा. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेलं स्टोरीवीव्हर हे खुल्या परवान्याचं व्यासपीठ. त्यावर वाचनाच्या चार पातळ्यांनुसार लावलेल्या चित्रकथा आहेत, मराठीतही भरपूर आहेत, आणि त्या वाचायला, उतरवून घ्यायला पैसे पडत नाहीत. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत खुले केलेले आहेत. आई-बाबांनी लहानपणी वाचलेला अंक भाचीला दाखवता येतो, ही गंमत वेगळीच. नॅशनल बुक ट्रस्टचं राष्ट्रीय ई-पुस्तकालय हे अ‍ॅप मुलांच्या वयोगटांनुसार अनेक भारतीय भाषांतली पुस्तकं देतं. ई साहित्य प्रतिष्ठानसारखे उपक्रमही मराठी पुस्तकं विनामूल्य पोहोचवतात.

यात एक तांत्रिक खड्डा आहे आणि त्यात सगळे पडतात: पीडीएफ. पीडीएफ म्हणजे पानाचा फोटोच समजा. ए-फोर आकाराचं पान २१० मिलिमीटर रुंद, आणि सहा इंची ई-रीडरचा पडदा जेमतेम ९० मिलिमीटर. पान पडद्यात बसवलं की १२ पॉइंटचं अक्षर पाच पॉइंटचं होतं. मोठं करायला गेलं की पान डावीकडे-उजवीकडे सरकवत बसा. आठ वर्षांचं मूल हे दोन मिनिटं सहन करेल. याउलट ईपब प्रकारच्या फाइलमध्ये मजकूर पाण्यासारखा असतो, पडद्याच्या आकाराप्रमाणे वाहतो. अक्षर वाढवा, ओळी आपोआप जुळतात. किंडलवरही आता ईपब फाइल ‘सेंड टू किंडल’ सोयीने पाठवता येते. जुन्या मराठी पीडीएफचं रूपांतर करायच्या भानगडीत मात्र पडू नका. त्या बऱ्याचदा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असतात, आणि रूपांतर केलं की जोडाक्षरांचा पार चिवडा होतो. वाचायला शिकणाऱ्या मुलापुढे असं पान ठेवणं हा शुद्ध अन्याय.

आता यंत्राकडे वळा

इथपर्यंत सगळी उत्तरं ‘हो’ आली असतील, तर मग खरेदीची यादी काढा. मुलासाठी काय बघायचं आणि कशावर पैसे घालवायचे नाहीत, ते थोडक्यात असं.

पडदा: सहा ते सात इंच पुरे. लहान हातात त्याहून मोठं यंत्र नीट बसत नाही. दाटपणा ३०० पीपीआय असेल तर वेलांट्या, रफार, अनुस्वार स्वच्छ दिसतात. देवनागरीत एका टिंबाने अर्थ बदलतो, त्यामुळे इथे तडजोड नको. जुन्या स्वस्त मॉडेलमध्ये हा आकडा बराच कमी असतो, तो तपासा.

रंग: २०२४ मध्ये किंडल आणि कोबो या दोघांनी रंगीत ई-इंकचे रीडर आणले. मुलासाठी म्हणून हेच घ्यावे असं वाटेल. पण या पडद्यांवर काळी अक्षरं ३०० पीपीआयची असली तरी रंग १५० पीपीआयचे असतात आणि टॅबसारखे झगमगीत नसतात, वर्तमानपत्राच्या पुरवणीतल्या चित्रासारखे सौम्य दिसतात. कॉमिक्ससाठी छान. पण जास्तीचे पैसे मोजण्याआधी कुणाकडे तरी प्रत्यक्ष बघून घ्या.

दिवा: पडद्यावर पुढून प्रकाश टाकणारा दिवा हवाच. त्याचा रंग रात्री पिवळसर करता आला तर आणखी चांगलं.

पाणी आणि पडझड: महागड्या मॉडेलना पाण्यापासून संरक्षण असतं, साध्यांना बहुधा नसतं. मूल कसं आहे ते तुम्हाला माहीत. पण कव्हर मात्र पहिल्याच दिवशी घ्या. बहुतेक ई-इंक पडद्यांच्या आत काच असते. त्यावर कुणी बसलं की विषय संपतो, आणि नवा पडदा बसवण्यापेक्षा नवं यंत्र बरं असं म्हणायची वेळ येते.

‘किड्स’ आवृत्ती: नावाला भुलू नका. किंडलच्या किड्स आवृत्तीत यंत्र तेच असतं. सोबत रंगीत कव्हर, वाढीव वॉरंटी आणि मुलांच्या पुस्तकांचं ठरावीक काळाचं सदस्यत्व मिळतं. ते सदस्यत्व तुमच्या देशात चालतं का आणि त्यात मराठी किती, हे विचारूनच ठरवा.

खातं आणि कुलूप: ई-रीडर पालकाच्या खात्याला जोडलेला असतो, आणि दुकानात एका टिचकीत पुस्तक विकत घेता येतं. पोरीने हौसेने वीस पुस्तकं ‘घेतली’ आणि बिल बाबांच्या कार्डावर गेलं, असं होऊ नये म्हणून सेटिंगमध्ये जाऊन दुकान आणि ब्राउझर पासवर्डने बंद करा. हे काम तुमचं. ताईवर सोडू नका.

सेकंडहँड: विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर जुने ई-रीडर स्वस्तात मिळतात आणि मुलासाठी ते चांगले पडतात. फक्त जुन्या मालकाने यंत्र त्याच्या खात्यातून काढलंय का ते समोर बघा, पडद्यावर रेघा-डाग नाहीत ना ते बघा आणि चार्जिंगचं भोक आजच्या यूएसबी-सीचं आहे की जुन्या पिनचं, हेही.

विचारणारी ताई न्यूजर्सीला किंवा टोरांटोला असेल तर एक मुद्दा वाढतो. तिथल्या सार्वजनिक वाचनालयांतून ई-पुस्तकं घरबसल्या उसनी मिळतात. कोबोमध्ये ही सोय यंत्रातच असते. किंडलवर ती अमेरिकेत चालते, कॅनडात नाही. तिथल्या भाचीला इंग्रजी पुस्तकं वाचनालयातून फुकट मिळतील. तेव्हा पैसे मराठी पुस्तकांवर खर्च करा.

विकत घेतलं म्हणजे आपलं झालं का?

ही गोष्ट घरातल्या मोठ्यांना सहसा ठाऊक नसते. ई-पुस्तकाचे पैसे भरले की बहुतेक वेळा आपल्याला मिळतो तो वाचण्याचा परवाना, पुस्तक नव्हे. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने हक्कांच्या वादामुळे जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’ या पुस्तकांच्या काही प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकल्या. सर्वांवर पाळत ठेवणाऱ्या सत्तेची कादंबरीच अशी गायब व्हावी, हा योग विलक्षण. अमेरिकेतल्या एका शाळकरी मुलाने अभ्यासासाठी काढलेली टिपणंही त्यामुळे निकामी झाली आणि तो कोर्टात गेला. कंपनीने जाहीर माफी मागितली, पैसे परत दिले. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं, ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण पुस्तकं गेली. फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची विकत घेतलेली पुस्तकं कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीने यंत्रात टाकण्याची जुनी सोयही थांबली.

याचा अर्थ ई-पुस्तकं घेऊच नका असा नाही. पण भाचीला जे पुस्तक मनापासून आवडलं, ज्याची ती पारायणं करते, ते एक कागदावरही घेऊन ठेवा. ते धाकट्या भावाला देता येईल, मैत्रिणीला उसनं देता येईल, पहिल्या पानावर ‘मामाकडून’ असं लिहिता येईल.

लिंक पाठवून काम संपत नाही

समजा, यंत्र आलं. त्यानंतरचा पहिला आठवडा सगळं ठरवतो. डबा फोडून तसाच मुलीच्या हातात देऊ नका. आधी त्यात दहाच पुस्तकं भरा. हजार पुस्तकांपुढे मोठी माणसंही गोंधळतात. पाच मराठी, पाच इंग्रजी, त्यातली निदान तीन विनोदी. अक्षर तिच्या डोळ्यांना बरं वाटेल इतकं मोठं करा. वाय-फाय बंद करा. पहिलं पुस्तक तुम्ही दोघं मिळून वाचा, एक पान तू, एक पान मी. ते संपल्यावर अकरावं पुस्तक तिला निवडू द्या.

तुम्ही हॉस्टेलला असाल तरी जमतं. तेच पुस्तक तुमच्या फोनवरच्या अ‍ॅपमध्ये ठेवा आणि आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉलवर एकेक प्रकरण वाचा. एकच खातं वापरत असाल तर पान आपोआप जुळवून घेणारी सोय बंद करा, नाहीतर तुम्ही पुढे वाचलंत की तिची खूण हलते आणि मग जी भांडणं होतात ती मावशीला मिटवता येत नाहीत.

मराठीचं कपाट अपुरं वाटत असेल, तर ते भरण्याचीही सोय आपल्या हातात आहे. स्टोरीवीव्हरवर खातं उघडून कुणालाही तिथल्या गोष्टींचा अनुवाद करता येतो. पहिल्या पातळीच्या गोष्टीत पानागणिक एक-दोन वाक्यं असतात. एका रविवारच्या दुपारी एक गोष्ट मराठीत होऊ शकते. पण सोपी समजू नका. सहा वर्षांच्या मुलीला मोठ्याने वाचताना अडखळायला होणार नाही असं वाक्य लिहायला घेतलं, की आपल्याला आपलीच भाषा किती येते ते कळतं. लिहून झाल्यावर भाचीला फोन करा आणि तिच्याकडून ती गोष्ट वाचून घ्या. ती जिथे अडेल, तिथला शब्द बदला.